अमेरिकेतल्या जुन्या होमस्टेड जागांवर आई-बाबांसोबत मेटल डिटेक्टिंग : पात्रता, परवानगी आणि कागदपत्रं

मुलाला वाढदिवसाला मेटल डिटेक्टर घेतला, आता परवाना कुठून काढायचा? अमेरिकेतल्या मराठी घरांतून हा प्रश्न वरचेवर येतो. उन्हाळ्यात भारतातून आजी-आजोबाही आलेले असतात आणि दिवसभर घरात बसून कंटाळलेले असतात. नेब्रास्का, कॅन्सस, दोन्ही डकोटा, पूर्व कोलोरॅडो या पट्ट्यात जुन्या वसाहतवाल्यांच्या घरांच्या जागा शेताशेतांत आहेत. तीन पिढ्यांनी मिळून करावं असं हे काम आहे.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. खासगी जमिनीवर छंद म्हणून डिटेक्टर फिरवायला बहुतेक ठिकाणी सरकारी परवाना लागत नाही, लागते ती जमीनमालकाची परवानगी. केंद्र सरकारच्या जमिनीवर उलट आहे. तिथे जुन्या घराच्या जागी हौशी माणसाला खणायची परवानगी मिळतच नाही. म्हणून पहिला प्रश्न डिटेक्टर कुठल्या कंपनीचा हा नाही. ही जमीन आज कोणाच्या नावावर आहे, हा आहे.

होमस्टेड म्हणजे काय, हे थोडक्यात

होमस्टेड कायद्यावर अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून अर्ज घेणं सुरू झालं. कुटुंबप्रमुख असलेल्या किंवा २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येत असे. तो नागरिक हवा, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा त्याने लेखी जाहीर केलेला हवा. अविवाहित आणि विधवा बायकांनाही अर्ज करता येत होता. पाच वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची आणि मग साक्षीदार उभे करून पुरावा द्यायचा, की पेटंट, म्हणजे सरकारने दिलेलं मालकीपत्र, हातात. १९१२ मध्ये पाचाची तीन वर्षं झाली. १९७६ मध्ये कायदा रद्द झाला, अलास्कात १९८६ पर्यंत चालला. एकंदर सुमारे १६ लाख पेटंटं दिली गेली आणि जवळपास २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. ती मुळात आदिवासी जमातींकडून काढून घेतलेली होती. मुलांना इतिहास सांगताना हेही सांगावं. आणि भारतीयांपुरतं बोलायचं तर, १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या स्थलांतरिताच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं, आणि नागरिकत्वाशिवाय होमस्टेडही नाही. ते दार १९४६ च्या कायद्याने उघडलं.

कित्येक कुटुंबांना ही जमीन झेपली नाही. पाऊस दगा द्यायचा, टोळधाड यायची, १९३० च्या दशकात तर धुळीच्या वादळांनी गावंच्या गावं उठली. घरं पडली, जमिनी शेजाऱ्याने घेतल्या आणि घराच्या जागेवर आज मका किंवा गवत आहे. आपण शोधतो ती ही जागा.

कुठली जमीन चालते, कुठली नाही

राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर वापरणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. गाडीतून उद्यान ओलांडून जायचं असेल तर तो सुटा करून, वापरता येणार नाही असा बांधून डिकीत ठेवावा. नेब्रास्कात बीट्रिस गावाजवळ होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे. पहिल्या अर्जदारांपैकी डॅनियल फ्रीमन यांची जमीन तीच. तिथे जरूर जा, पण डिटेक्टर घरी ठेवून.

राष्ट्रीय वनांत हरवलेली अंगठी किंवा अलीकडची नाणी शोधायला सहसा आडकाठी नसते. पण जुन्या घराचा पाया, चूल, विहीर दिसली की ती पुरातत्त्वाची जागा समजून हात मागे घ्यायचा आणि वनखात्याच्या कार्यालयाला कळवायचं. यामागचा मुख्य कायदा १९७९ चा आहे : केंद्र सरकारच्या किंवा आदिवासी जमातींच्या जमिनीवरचे शंभर वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष विनापरवाना उकरले तर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. नुकसान ५०० डॉलरच्या वर गेलं तर २०,००० डॉलर आणि दोन वर्षं. गाडी आणि अवजारंही जप्त होऊ शकतात. या कायद्याखालचा परवाना विद्यापीठं, संग्रहालयं अशा पात्र संशोधकांसाठी असतो. आपण तो मागायच्या फंदात पडू नये.

राज्यांच्या उद्यानांचे नियम राज्यागणिक वेगळे. कुठे पूर्ण बंदी, कुठे फक्त वाळूच्या किनाऱ्यावर मुभा, कुठे उद्यानाच्या कार्यालयातून परवाना. शहराच्या आणि काउंटीच्या बागांसाठी त्या त्या पार्क खात्याला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. फोनवर कुणी 'चालेल' म्हटलं, ते बागेतल्या रखवालदाराला दाखवता येत नाही.

होमस्टेडसाठी खरी जागा म्हणजे खासगी शेत. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

कोण जाऊ शकतं

वयाची अट नाही. पण अल्पवयीन मुलाची सही कायद्याने फारशी टिकत नाही, म्हणून परवानगीपत्रावर सही आईची किंवा वडिलांची आणि मुलाचं नाव त्यांच्यासोबत येणारा म्हणून, असं करावं. भारतातून आलेले आई-वडील छंद म्हणून खुशाल बरोबर येऊ शकतात. मात्र पर्यटक व्हिसावर कामधंदा करता येत नाही. त्यांच्या नावाने वस्तू विकायच्या भानगडीत पडू नका.

पेटंट आणि फाइल

मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे काम, आणि ते घरी बसून होतं. ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या 'जनरल लँड ऑफिस रेकॉर्ड्स' या संकेतस्थळावर राज्य आणि काउंटी निवडून जुनी पेटंटं फुकट पाहता येतात. प्रत्येक पेटंटवर नाव, तारीख, क्रमांक, लँड ऑफिसचं गाव आणि जमिनीचं वर्णन असतं : अमुक सेक्शनचा ईशान्य चतुर्थांश, टाउनशिप अमुक उत्तर, रेंज अमुक पश्चिम. टाउनशिप म्हणजे सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन. त्याचे छत्तीस सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. त्याचा पाव हिस्सा म्हणजे बरोबर १६० एकर.

माझे बाबा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हे कोष्टक समजावून द्यायला मी कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा लावला, पेटंटवरच्या वर्णनावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, हा तर यांचा सातबारा. गट नंबरच्या जागी सेक्शन एवढंच." त्यानंतर नकाशावर चौकोन पाडण्याचं काम त्यांनी माझ्याकडे राहू दिलं नाही. नातू शेजारी बसून आकडे वाचत होता आणि आजोबा पट्टीने रेघा मारत होते. ज्यांच्या घरी महसूल, सर्व्हे किंवा सहकारी सोसायटीत आयुष्य काढलेलं कुणी असेल त्यांनी हा भाग त्यांच्यावरच सोपवावा.

पेटंटवरून पुढची पायरी म्हणजे अर्जदाराची मूळ फाइल. ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते. फॉर्म ८४ भरून आणि शुल्क देऊन नक्कल मागवता येते. राज्य, लँड ऑफिस, पेटंट किंवा अंतिम प्रमाणपत्राचा क्रमांक आणि जमिनीचं वर्णन एवढं लिहावं लागतं. नेब्रास्काच्या फायली स्कॅन झालेल्या आहेत, त्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर पाहता येतात. फाइलमध्ये अर्जदाराची आणि साक्षीदारांची जबानी असते. त्यात घर केवढं, कशाचं, दारं किती, खिडक्या किती, विहीर किती खोल, किती एकर नांगरले, किती महिने बाहेरगावी होतात आणि का, असे प्रश्न असतात. उत्तरं एकेका ओळीची, पण त्यातून माणूस उभा राहतो. गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेपांचं चौदा बाय सोळा फुटांचं घर, एक दार, दोन खिडक्या, कोंबड्यांचं खुराडं. हे वाचून गेलं की जमिनीतून येणारा प्रत्येक खिळा वेगळा दिसतो.

१६० एकरांत घर नेमकं कुठे

फाइल हे सहसा सांगत नाही. त्यासाठी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जुने नकाशे पाहा. 'टोपोव्ह्यू'वर ते फुकट उतरवता येतात आणि त्यावर प्रत्येक घर छोट्या काळ्या चौकोनाने दाखवलेलं असतं. काउंटीचे जुने प्लॅट नकाशे (जमिनीचे तुकडे आणि मालकांची नावं दाखवणारे) आणि १९३० च्या दशकापासूनची हवाई छायाचित्रंही कामी येतात. प्रत्यक्ष जागेवर लायलकचं झुडूप किंवा ओळीने उगवलेले आयरिस दिसले, तर शंभरातल्या बहुतेक वेळा तिथे अंगण होतं. माळरानावर ती झाडं आपोआप येत नाहीत.

मालक आणि परवानगीपत्र

आजचा मालक काउंटीच्या असेसर, म्हणजे मालमत्ता कराची आकारणी करणाऱ्या, कार्यालयाच्या नकाशावर मिळतो. जमिनीच्या तुकड्यावर टिचकी मारली की नाव, पत्ता आणि पार्सल क्रमांक येतो. शंका असेल तर रजिस्टर ऑफ डीड्सच्या कार्यालयात खरेदीखत पाहता येतं. नाव ट्रस्टचं किंवा कंपनीचं असेल तर सही विश्वस्ताची किंवा अधिकार असलेल्या माणसाची हवी. तिथे भेटलेल्या चुलतभावाची सही चालत नाही. आणि शेत खंडाने दिलेलं असेल तर कसणाऱ्याचाही होकार घ्या. पीक त्याचं आहे. काही जमिनी सरकारच्या संवर्धन योजनेत असतात आणि तिथलं गवत न मोडण्याचं बंधन मालकावर असतं, तेही आधीच विचारा.

आधी पत्र टाका, मग आठवड्याने फोन करा, मग भेटा. पेरणी आणि कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या दारात जाऊ नये. भेटायला जाताना मुलाला आणि आजोबांना बरोबर न्या. आणि त्यांच्याच जमिनीच्या पहिल्या पेटंटची छापील प्रत हातात द्या. पुष्कळ मालकांनी ती कधी पाहिलेली नसते, आणि मग जेवणाच्या टेबलावर जुने फोटो निघतात.

परवानगीपत्र इंग्रजीत, एका पानाचं असावं. त्यात मालकाचं नाव, पार्सल क्रमांक आणि जमिनीचं वर्णन, कोणकोण येणार, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठे जायचं नाही (गुरांचा गोठा, कुटुंबाची दफनभूमी, पेरलेलं रान), खड्डे बुजवण्याची हमी, इजा झाल्यास मालकाला जबाबदार न धरण्याचं कलम आणि दोन्ही बाजूंच्या सह्या तारखेसह हव्यात. सगळ्यात महत्त्वाचं कलम सापडलेल्या वस्तूंच्या वाटणीचं. अमेरिकेत साधारण नियम असा की जमिनीत रुतलेली वस्तू जमीनमालकाची. वाटणी लिहून घेतली नसेल तर आपला हक्क गृहीत धरू नका. मी लिहून देते ते असं : कुटुंबाच्या नावाची किंवा मौल्यवान वस्तू मालकाची, बाकीच्यात निम्मे. प्रत्येक वस्तू आधी त्यांना दाखवायची.

जाताना हे पत्र, ओळखपत्र, नकाशाची प्रत आणि मालकाचा फोन नंबर जवळ ठेवा. पत्राची मुदत संपली की नवं घ्या, मालक बदलला तरी नवं घ्या.

खणण्याआधी

८११ वर फोन करा. ही फुकट सेवा आहे. बहुतेक राज्यांत दोन-तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. मग कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाने खुणा करतात : लाल विजेची, पिवळा गॅसची, निळा पाण्याची, केशरी टेलिफोनची. शेताखालून गॅसची वाहिनी जाणं अगदी नेहमीचं आहे. पण मालकाने स्वतः टाकलेल्या पाण्याच्या नळ्या यात येत नाहीत, त्या त्यालाच विचाराव्या.

मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जुन्या विहिरींची. हाताने खणलेल्या, अरुंद, वर कुजक्या फळ्या आणि त्यावर गवत. मालकाला विहीर विचारून नकाशावर लाल खूण करा, आणि मोठं माणूस पुढे, मूल मागे, असंच चाला. धनुर्वाताची लस ताजी हवी, जाड तळव्याचे बूट हवेत. आणि रॅटलस्नेकच्या प्रदेशात पत्र्याखाली हात घालायचा नाही.

सापडल्यावर

गवताचं ढेकूळ तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखं उलटं करा, वस्तू काढा, माती परत भरा, पायाने दाबा. चौकोनी कापीव खिळे बहुतेक १८९० च्या आधीचे, तारेचे गोल खिळे नंतरचे. इंडियन हेड सेंट १८५९ ते १९०९ या काळातले. पण नाण्यांपेक्षा जास्त येतात त्या लगामाच्या कड्या, ओव्हरऑलची बटणं, लोणच्या-मुरंब्याच्या बरण्यांची जस्ताची झाकणं. एकदा माझ्या मुलाने हिरवी पडलेली एक पितळी पट्टी काढली, एका ओळीत बारीक फटी असलेली. आम्हाला कळेना. बाबांनी ती पाण्याने हळूच पुसली आणि ओठाजवळ नेऊन दाखवली : माउथ ऑर्गनची पट्टी. नाणी घासून चकचकीत करायची नाहीत, नुसती पाण्याने धुवायची.

प्रत्येक वस्तूचा जागेवरच फोटो, तारीख आणि अंदाजे खोली लिहून ठेवा आणि यादीची एक प्रत मालकाला द्या. दगडी बाण किंवा मडक्याचे तुकडे दिसले तर तिथे खणणं थांबवून मालकाला सांगा आणि राज्याच्या पुरातत्त्व कार्यालयाचा सल्ला घ्या. हाडं माणसाची असल्याचा संशय आला तर काहीही न हलवता शेरीफला फोन करा.

गावी नेण्याआधी

आजोबांना मग आपल्या गावचा पडका वाडा आठवतो आणि डिटेक्टर भारतात नेऊ या असं ठरतं. तिथे नियम वेगळे आहेत. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे : जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती स्वतःच्या वाड्यात सापडलेली असली तरी जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास आपला हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किल्ले, लेणी आणि इतर संरक्षित स्मारकांवर परवान्याशिवाय खणायला बंदी आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा नाणं भारताबाहेर नेणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याने गुन्हा आहे, म्हणून आजीच्या वाड्यात मिळालेला शिवराई पैसा नातवाच्या बॅगेतून अमेरिकेत आणू नका.