मेड इन इंग्लंड म्हणजे इंग्रजाच्या काळातलं? नाही भाऊ

आमच्याकडे आर्वीच्या बाजारात भंगारात सायकलचं पंक्चर काढायच्या सामानाचा जुना पत्र्याचा डबा निघाला की विकणारा लगेच सांगते, मेड इन इंग्लंड लिहिलंय पाहा, इंग्रजाच्या काळातला आहे, आणि आपण बी मान हलवून पैसे मोजतो. मी बी मोजलेत, म्हणून सांगतो.

अहो १९४७ ला इंग्रज इथून गेला, त्याचे कारखाने थोडीच बंद पडले? तिकडं पुढं कित्येक वर्षं हेच डबे बनत होते, शिक्का तोच.

मग वय कसं काढायचं, तर डब्यावर छापलेली किंमत पाहा. शिलिंग-पेन्समध्ये असेल तर छपाई १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीची, कारण त्या दिवशी तिकडं दशमान नाणी आली, आणि आकड्यापुढं नुसता पी (p, म्हणजे नवा पेनी) असेल तर नंतरची. पत्त्यात पोस्टकोड (तिकडचा पिनकोड) असला तर १९५९ च्या आधीचा नाहीच. आपल्याकडच्या दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असेल अन् त्यावर 'नये पैसे' असेल तर १९५७ ते ६४ धरा. आण्यावर मात्र लय भरोसा ठेवू नका, लोकं नंतरही आण्यातच बोलत होते. पेटंट नंबर छापलेला असला तर त्यावरून निघते ते साल पेटंटचं, डब्याचं नाही.

आणि हो, गंज दिसला म्हणून सँडपेपर घासू नका, छपाईच गेली तर पाहणार काय? आतली पांढरी पावडर बी फेकू नका, ते फ्रेंच चॉक आहे, सोल्युशन टायरला चिकटू नये म्हणून.