कोरी चौकट म्हणजे उजाड डोंगर नव्हे

पावसाळा सरत आला की हरिश्चंद्रगडाच्या गवतात कंदीलपुष्प फुलतं. गुडघे टेकून बसल्याशिवाय ते सहसा नजरेस पडत नाही. खाली फुगीर नळी, वर टोकाशी जुळलेल्या पाच पाकळ्या, अगदी कंदिलासारख्या. वासाला भुलून इवलीशी माशी आत शिरते. नळीतले केस खालच्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे आत जाता येतं, बाहेर पडता येत नाही. पुढे केस सुकले की माशी परागपुंज घेऊन सुटते.

गडावरच्या या जातीचं नाव सेरोपेजिया लॉई. मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी जॉन लॉ यांच्यावरून ते पडलं. सह्याद्रीबाहेर ती कुठेही उगवत नाही. अशा जातीला प्रदेशनिष्ठ म्हणतात.

ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञ नॉर्मन मायर्स यांनी 1988 मध्ये ‘हॉटस्पॉट’ ही कल्पना मांडली, म्हणजे अशा जातींनी समृद्ध पण धोक्यात आलेला प्रदेश. पुढे निकष ठरले: किमान 1500 प्रदेशनिष्ठ वनस्पती हव्यात आणि मूळ अधिवास 70 टक्के तरी नष्ट झालेला हवा. पश्चिम घाट आणि श्रीलंका मिळून असा एक हॉटस्पॉट होतो. पण जगाच्या नकाशावर तो एक रंगीत पट्टा आहे. नेमका कोणता डोंगर जपायचा, हे त्यावरून कळत नाही.

त्यासाठी डोंगररांगेच्या नकाशावर चौकटी आखतात आणि प्रत्येक चौकटीत किती जाती सापडल्या ते मोजतात. काम सोपं वाटतं, पण गोम नोंदींत आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र किंवा मुंबईचं ब्लॅटर हर्बेरियम इथे वाळवून ठेवलेल्या नमुन्यांवर ही मोजणी बरीचशी उभी असते. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक नमुन्यांवर ठिकाण म्हणून ‘मलबार, कोंकण वगैरे’ एवढंच लिहिलेलं. ते कुठल्या चौकटीत टाकायचं? शिवाय अभ्यासक जातात ते रस्ता असतो तिथे, गाजलेल्या गडांवर आणि थंड हवेच्या ठिकाणी. तिथल्या नोंदी जास्त, म्हणून नकाशावर त्या चौकटी गडद होतात. आडवाटेचा डोंगर कोरा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, तिथे काही नाहीच.

आता संगणक मदतीला आहे. एखादी जात जिथे सापडली तिथला पाऊस, तापमान, उंची आणि उतार पाहून ती आणखी कुठे असू शकेल याचा अंदाज बांधता येतो. पण त्या जागी चालत जाऊन खात्री करावीच लागते.

सड्यांची, म्हणजे सपाट कातळी पठारांची, गोष्ट तर आणखी वेगळी. कातळावर कुठे बोटभर माती, कुठे पाण्याचं डबकं, कुठे नुसती भेग. चार पावलांवर झाडोरा बदलतो. किलोमीटरभराची चौकट हे सगळं पुसून टाकते. जातींच्या नुसत्या आकड्यात सडा घनदाट रानाच्या मागे पडेलही, पण प्रदेशनिष्ठ जाती मोजल्या की चित्र पालटतं. साताऱ्याजवळच्या कास पठारावरची वायतुरा ही पाणवनस्पती त्याचं ठळक उदाहरण. वनस्पतिशास्त्राने तिला नाव दिलं तेच मुळी 1982 मध्ये. म्हणून माझ्या मते एकूण जातींचा आणि प्रदेशनिष्ठ जातींचा, असे दोन्ही नकाशे शेजारी ठेवूनच निर्णय घ्यायला हवेत.

यातल्या कितीतरी वनस्पती कंदाच्या रूपाने जमिनीत दडून उन्हाळा काढतात. मे महिन्यात सड्यावर काळा कातळ आणि वाळकं गवत, एवढंच दिसतं. त्यामुळे कुठल्याही अहवालात एखाद्या सड्यापुढे ‘पडीक’ असं लिहिलेलं दिसलं, की मी आधी पाहणीची तारीख बघतो.