ऑनलाइन गेमविक्रीवरील कर आणि स्वतंत्र गेमनिर्माते

ऑनलाइन गेमविक्रीवरील कर म्हणजे स्टीम, इच.आयओ, गूगल प्ले यांसारख्या डिजिटल दुकानांतून विकल्या गेलेल्या गेमवर गिऱ्हाइकाच्या देशातले सरकार लावते तो कर. युरोपात तो मूल्यवर्धित कर म्हणजे व्हॅट, भारतात आणि ऑस्ट्रेलियात जीएसटी, अमेरिकेत सेल्स टॅक्स. कायद्याने हा कर गिऱ्हाइकाने भरायचा असतो. पण एकट्याने किंवा चार-पाच जणांच्या चमूने गेम बनवणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा भार बऱ्याचदा निर्मात्यावरच येऊन पडतो, आणि नवख्या निर्मात्याच्या हिशेबातून नेमकी हीच रक्कम निसटते.

याचे कारण किंमत दाखवण्याच्या पद्धतीत आहे. अमेरिकेत दुकानात दिसणारी किंमत करापूर्वीची असते आणि कर बिल करताना वर चढतो. युरोपीय संघ, ब्रिटन, भारत येथे दिसणारी किंमत करासह असते. भारतात ५९० रुपये किंमत लावलेला गेम घेऊ. १८ टक्के जीएसटी आतच धरलेला असल्याने मूळ किंमत ५०० रुपये, कर ९० रुपये. स्टीमचे ३० टक्के कमिशन ५०० वर लागते, म्हणजे १५० रुपये. निर्मात्याचे उरतात ३५०. ‘तीस टक्के दुकानाचे, सत्तर टक्के आपले’ अशा सरळ हिशेबाने त्याने ४१३ रुपये धरलेले असतात. हजार प्रतींमागे हा फरक ६३,००० रुपयांचा होतो, आणि लहान चमूत तो एखाद्याचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार असू शकतो. उलट चूकही होते: ५९० चे सरळ १८ टक्के काढले तर कर १०६ रुपयांवर जातो. करासह किमतीत १८ टक्के जीएसटीचा वाटा प्रत्यक्षात सव्वापंधरा टक्क्यांच्या आसपास असतो.

कर चढवून किंमत वाढवावी, तर शेजारच्या गेमची किंमत तीच राहिलेली असते. त्यातून युरोपात एकाच युरो-किमतीत वेगवेगळे कर बसतात. १० युरोच्या गेममधून व्हॅट आणि ३० टक्के कमिशन गेल्यावर लक्झेंबर्गच्या (१७ टक्के) गिऱ्हाइकाकडून ५.९८ युरो मिळतात, जर्मनीच्या (१९ टक्के) ५.८८ आणि हंगेरीच्या (२७ टक्के, संघातला सर्वांत चढा दर) ५.५१. गेम तोच आणि दुकानही तेच, फक्त विकत घेणारा कुठे राहतो यावर मिळकत ठरते.

‘गिऱ्हाईक जिथे, कर तिथला’ हे तत्त्व डिजिटल मालाला सगळीकडे एकाच वेळी लागू झाले नाही. युरोपीय संघात ते संघातल्या विक्रेत्यांसाठी १ जानेवारी २०१५ पासून आले. त्याआधी कर विक्रेत्याच्या देशाच्या दराने लागे, त्यामुळे लक्झेंबर्गसारख्या कमी दराच्या देशात कार्यालय थाटणे बड्या कंपन्यांना फायद्याचे होते. नियम बदलला त्यांच्यासाठी, पण त्याचा जाच सोसला स्वतःच्या वेबसाइटवरून थोडेफार विकणाऱ्यांनी. किमान उलाढालीची सूट नव्हती. एक प्रत विकली तरी गिऱ्हाइकाच्या देशाचे दोन पुरावे गोळा करायचे आणि नोंदी दहा वर्षे सांभाळायच्या. २०१९ मध्ये संघातल्या विक्रेत्यांना वर्षाला १०,००० युरोंपर्यंतच्या विक्रीवर या नियमातून दिलासा मिळाला. संघाबाहेरच्यांना तो नाही: पुण्यातल्या निर्मात्याने स्वतःच्या साइटवरून थेट फ्रान्समध्ये गेम विकला, तर नोंदणीचे बंधन पहिल्या विक्रीपासूनच आहे. न्यूझीलंडने परदेशी डिजिटल विक्रेत्यांना ऑक्टोबर २०१६ पासून आणि ऑस्ट्रेलियाने जुलै २०१७ पासून जीएसटीच्या कक्षेत आणले. अमेरिकेत २१ जून २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर’ खटल्यात निकाल दिला, की राज्यात दुकान वा गोदाम नसलेल्या विक्रेत्याकडूनही राज्य सेल्स टॅक्स वसूल करवू शकते. तिथे डिजिटल गेम करपात्र आहे की नाही हेही राज्यागणिक बदलते. टेक्सस कर लावते, कॅलिफोर्निया निव्वळ डाउनलोडवर लावत नाही.

एवढ्या देशांचे आणि राज्यांचे कर एकट्या माणसाने भरणे अशक्यच. इथे दुकानाचा खरा उपयोग दिसतो. स्टीमसारखे दुकान कायद्याच्या दृष्टीने स्वतःच विक्रेता ठरते, जगभरचा कर गोळा करते आणि भरते. तीस टक्के कमिशनवर टीका पुष्कळ होते आणि तिच्यात तथ्यही आहे, परंतु या कामाची किंमत त्या टीकेत क्वचितच धरली जाते. इच.आयओवर निर्मात्याला निवड करता येते: पैसे थेट स्वतःच्या खात्यात घेतले तर कराची जबाबदारी स्वतःची, दुकानामार्फत घेतले तर कर दुकान भरते, पैसे मात्र उशिरा मिळतात. दोन पर्यायांतला हा फरक न वाचता पहिला निवडणे महागात पडू शकते. गूगल प्लेवर भारतीय निर्मात्याने भारतीय गिऱ्हाइकाला केलेल्या विक्रीचा जीएसटी पाहण्याची जबाबदारी निर्मात्याची असते.

भारताने परदेशी ऑनलाइन सेवांवर १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर आणि १ जुलै २०१७ पासून १८ टक्के जीएसटी लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाजलेला २८ टक्क्यांचा दर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी होता. एकदाच विकत घ्यायच्या गेमशी त्याचा संबंध नव्हता. ‘गेमिंग’ या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी बातम्यांत आल्याने बराच गोंधळ झाला.

‘राजी’ हा गेम करणाऱ्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्ससारख्या स्टुडिओंचे गिऱ्हाईक जगभर पसरलेले असते. परदेशी दुकानाकडून अशा स्टुडिओला येणारे पैसे जीएसटीच्या दृष्टीने साधारणपणे सेवेची निर्यात ठरतात. निर्यातीवर कर शून्य, पण त्यासाठी रक्कम परकीय चलनात यावी लागते आणि जीएसटी नोंदणी असलेल्याने दर आर्थिक वर्षी एलयूटी म्हणजे हमीपत्र भरावे लागते. करारात दुकान स्वतः विक्रेता आहे की नुसते मध्यस्थ, यावर बरेच अवलंबून असल्याने करारपत्र सीएला दाखवणे शहाणपणाचे.

विक्रीवरील कर आणि अमेरिकेचा उद्गम कर, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर, यांत गल्लत होते. उद्गम कर हा गिऱ्हाइकाचा नव्हे, निर्मात्याच्या मिळकतीवरचा कर. अमेरिकी दुकान अमेरिकेतल्या विक्रीपोटी परदेशी निर्मात्याला रॉयल्टी देताना ३० टक्के कापते; भारत-अमेरिका कर-करारामुळे पॅन क्रमांकासह योग्य फॉर्म भरला तर १५ टक्केच कापते. म्हणजे १० डॉलरच्या गेमवर सेल्स टॅक्स वेगळा चढूनही निर्मात्याचे ७ डॉलर ५.९५ वर येतात. ही कपात भारतातल्या आयकरातून वळती करून घेता येते आणि १९६१ च्या आयकर कायद्याखाली त्यासाठी फॉर्म ६७ ठरलेला आहे. गिऱ्हाइकाने भरलेल्या व्हॅटची अशी वजावट मिळत नाही, कारण ती रक्कम निर्मात्याची मिळकत कधीच नव्हती. म्हणून उत्पन्नाचा अंदाज बांधताना मासिक अहवालातल्या एकूण विक्रीच्या आकड्यातून आधी गिऱ्हाइकांना परत केलेले पैसे आणि कर वजा करायचे, मग कमिशन काढायचे, आणि उद्गम कर सर्वांत शेवटी, तोही फक्त अमेरिकेतल्या विक्रीवर.