पडद्याबरहुकूम वेशभूषा

चित्रपट, मालिका, ॲनिमे (जपानी कार्टूनपट) किंवा व्हिडिओ गेममधल्या पात्राचा पोशाख आणि त्याच्या हातातली वस्तू पडद्यावर दिसते तशीच, शिलाईच्या टाक्यापासून झिजलेल्या कडेपर्यंत, पुन्हा घडवण्याची कला. कॉस्प्लेचा, म्हणजे पात्राचा वेश घेण्याच्या छंदाचा, हा सर्वांत चिकाटी मागणारा प्रकार. नुसते पात्र ओळखू आले की साधा कॉस्प्ले जमला. इथे मात्र पट्ट्याची बकल उजवीकडे आहे की डावीकडे, हेही जुळावे लागते. सामान शोधणे आणि मिळालेल्या सामानात फेरफार करणे ही या कलेची दोन अंगे असून त्यांतले पहिले जास्त अवघड आहे.

पात्राचा वेश घालून संमेलनाला जाण्याची प्रथा १९३९ साली न्यूयॉर्कच्या विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस यांच्या पोशाखांपासून धरली जाते. 'कॉस्प्ले' हा जपानी घडणीचा शब्द १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी रूढ केला. भारतात २०११ मध्ये दिल्लीत कॉमिक कॉन हे कॉमिक्स-चित्रपटांच्या चाहत्यांचे संमेलन सुरू झाल्यावर या छंदाला हक्काचे व्यासपीठ मिळाले. खानदेशाला सोंग नवे नाही. दारी येणारा बहुरूपी, तमाशाची ड्रेपरी आणि गणपतीतले सजीव देखावे इथल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. पण तमाशातला मुकुट शेवटच्या रांगेतून चमकला की काम भागते. पडद्याबरहुकूम मुकुट हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला जातो.

मूळ वस्तूचा शोध. पडद्यावरच्या कितीतरी अद्भुत वस्तू मुळात बाजारातूनच आलेल्या असतात. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधली नायक ल्यूकची प्रकाशतलवार म्हणजे ग्राफ्लेक्स या जुन्या वृत्तपत्री कॅमेऱ्याच्या फ्लॅशची मूठ. चित्रपटाचे सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना ती लंडनच्या एका कॅमेरा-दुकानात सापडली. तिला काळ्या पट्ट्या चिकटवल्या आणि कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पट्टी बसवली. याच चित्रपटातले हान सोलोचे पिस्तूल म्हणजे दुर्बीण चढवलेले जुने जर्मन माउझर पिस्तूल. १९७८ च्या 'हॅलोवीन'मधल्या खुन्याचा पांढरा चेहरा हा 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा दुकानात मिळणारा मुखवटा होता. भुवया काढल्या, डोळ्यांची भोके मोठी केली आणि पांढरा रंग मारला. म्हणून या कलेत पहिला प्रश्न 'हे बनवू कसे?' असा नसतो, तर 'हे आधी काय होते?' असा असतो. त्याचे उत्तर सापडले की निम्मे काम झाले.

खानदेशातले सामान. जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये फ्लॅशची जुनी मूठ मिळणार नाही आणि मागवली तर खिशाला परवडणार नाही. पण तिची नळी जवळपास दीड इंच व्यासाची असते आणि जिन्याच्या स्टील रेलिंगचा ३८ मिमी पाइपही तेवढाच असतो. ग्रिल-रेलिंगच्या कारखान्यात त्याचे फूटभर उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. काळ्या पट्ट्यांसाठी काचेच्या दाराची रबर बीडिंग चालते. मुठीच्या मधल्या कड्याची नक्कल पाइपच्या क्लॅम्पने साधते. त्याचा स्क्रू कापून कड घासली की झाले. दिवे, स्विच, वायरी यांसाठी जळगावचे गोलाणी मार्केट, कापड आणि बटणांसाठी फुले मार्केट किंवा धुळ्याचा पाचकंदील परिसर.

खरी खाण मात्र शेतीच्या दुकानात आहे. जळगाव हे ठिबक सिंचनाच्या उद्योगाचे मोठे केंद्र, आणि रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ठिबकशिवाय पान हलत नाही. त्यामुळे ग्रोमेट, टेक-ऑफ, एंड कॅप, व्हेंच्युरी, फिल्टरच्या जाळीदार चकत्या हे ठिबकचे सगळे छोटे भाग सुट्या नगावर मिळतात. अंतराळयानाच्या आणि यंत्रमानवाच्या अंगावर जी बारीकसारीक यंत्रासारखी नक्षी दिसते, तिच्यासाठी यापेक्षा चांगले सामान नाही. सोळा मिमीची काळी लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणारी ठिबकची नळी, तर हेल्मेटपासून पाठीवरच्या टाकीपर्यंत जाणाऱ्या श्वासनळीच्या जागी सहज शोभते. काउंटरवरचा माणूस विचारतो, "यानं काय करशी, भाऊ?" तेव्हा त्याला फोनवर चित्र दाखवावे. पुढच्या वेळी तोच आतून अडगळीतला जुना माल काढून देतो. यंत्रमागावर आडवा धागा नेणारा जुना लाकडी धोटाही असाच उपयोगी. दोन्ही टोकांना पोलादी अणी, मध्ये कांडीची खाच, आणि हातांनी वर्षानुवर्षे घासून आलेली लाकडाची झिलई. ती झिलई कोणत्याही पॉलिशने आणता येत नाही.

चामड्याचे पट्टे, बकला, घुंगरू यांसाठी दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार गाठावा. घोड्याच्या साजाच्या वाद्या जाड आणि हाताने शिवलेल्या असतात. मध्ययुगीन योद्ध्याच्या कमरेला त्या शोभतात; तयार फॅशन बेल्ट तिथे लगेच उघडा पडतो.

खानदेशाला लागून असलेल्या मालेगावचे चित्रपट या संदर्भात हमखास आठवतात. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला, आणि नंतर तिथल्या सुपरमॅनच्या विडंबनपटावर २००८ चा माहितीपट झाला. तो सुपरमॅन साकारणारे शफीक शेख यंत्रमाग कामगार होते. त्या चित्रपटांचा हेतू विडंबनाचा होता, बरहुकूमपणाचा नव्हता. पण हाताशी आहे त्यातून पडदा उभा करण्याची धमक या मातीत किती आहे, हे त्यांनी दाखवले.

माप आणि फेरफार. चित्र थांबवून, ज्याचे माप ठाऊक आहे अशा एखाद्या वस्तूवरून बाकीची मापे काढतात. नट सहा फूट दोन इंच आणि आपण पाच फूट पाच इंच असलो तर वस्तू ८८ टक्के करावी लागते. ३० इंची ढाल साधारण साडेसव्वीस इंचांवर येते. मूळ मापच ठेवावे असे म्हणणारेही आहेत. परंतु अंगावर चढल्यावर प्रमाण डोळ्याला पटले पाहिजे, म्हणून लहान करणेच योग्य. एकाच चित्रपटात जवळच्या दृश्यासाठी एक आणि मारामारीसाठी दुसरी अशा एकाच वस्तूच्या अनेक प्रती असतात. तेव्हा आधी एक दृश्य ठरवावे आणि त्यालाच धरून राहावे.

चिलखतासाठी पीव्हीसी पाइप उभा चिरतात, गरम करून दोन फळ्यांमध्ये दाबतात आणि पत्रा तयार करतात. हे काम उघड्यावरच करावे. पीव्हीसी जळाला की विषारी धूर निघतो. हलक्या भागांसाठी फोम शीट आणि फेविकॉल एसआर हा रबरी डिंक. शेवटी वस्तू जुनी करणे. कापड चहाच्या पाण्यात उकळतात, गुडघे-कोपरे वाळू कागदाने घासतात, काळा रंग पातळ करून लावतात आणि लगेच पुसतात म्हणजे तो खाचांत राहतो. काळ्या कसदार मातीचा चिखल वाळवून झटकला की बुटांना जी कळा येते ती रंगाने येत नाही. झीज मात्र हात लागतो तिथेच दाखवावी. सगळीकडे सारखे ओरखडे ओढलेली वस्तू लांबूनही खोटी दिसते.

पथ्ये. वापरलेला फवारणी पंप किंवा कीटकनाशकाचा डबा कितीही जुळता दिसला तरी घेऊ नये. विष प्लास्टिकमध्ये मुरलेले असते. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून लष्करी गणवेश घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे, त्यामुळे असा पोशाख घालून रस्त्याने फिरू नये. तलवार फोमची किंवा लाकडाचीच असावी. सातपुड्यात काठी गावच्या होळीला मोरपिसांचे उंच टोप आणि कमरेला भोपळे बांधून नाचणारे भिल्ल तरुण व्रत पाळत असतात. ते सोंग नव्हे. टोपाची बांबूची बांधणी अभ्यासण्यासारखी आहे, तो वेश मात्र उचलू नये.

खानदेशी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत ठेवलेल्या चिलखताचा डिंक सुटतो आणि फोम वाकतो. म्हणून इथले जाणकार भार पेलणारे सांधे चिकटवल्यावर आतून नायलॉनच्या दोऱ्याने शिवून घेतात, आणि मार्चनंतर हेल्मेट माळ्यावर न ठेवता पलंगाखाली सरकवतात.