दुपट्यात न मावणारा थोरला

बहिणीला दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा मी आठवडाभर पुण्याला तिच्याकडे राहायला गेले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीच वर्षांचा भाचा बाळाचं सुती दुपटं ओढत माझ्याकडे आला. जमिनीवर पसरलं, त्यावर उताणा झाला आणि म्हणाला, "माऊ, मला गुंडाळ." गुंडाळलं. गुडघ्यापासून पुढचे पाय बाहेर, दोन्ही हात बाहेर. तो तसाच छताकडे बघत पडून राहिला आणि मग बहिणीसारखा बारीक आवाज काढून त्यानं "उवाँ" करून पाहिलं. आतल्या खोलीत त्याची आई बाळाला पाजत होती. आतून हाक आली नाही, तसा आवाज जरा वाढला.

चार महिन्यांपूर्वी लंगोट सुटलेला हा मुलगा त्या आठवड्यात तीनदा चड्डीत शू करून बसला. शेजारच्या काकूंनी लगेच निदान केलं, "मत्सर वाटतोय हो त्याला." माझी आई डिंकाचे लाडू वळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मत्सर कसला? पाठीवर आलंय ना कोणीतरी."

काकूंपेक्षा आईचं म्हणणं मला विज्ञानाच्या जास्त जवळचं वाटलं. मत्सर म्हटला की तो मुलाच्या स्वभावातला दोष होतो. पाठीवर कोणी आलं म्हटलं की ती परिस्थिती होते. आणि ही परिस्थिती, म्हणजे एक नुकतं चालू-बोलू लागलेलं आणि एक नुसतं पडून असलेलं, अशी दोन मुलं एकाच आईच्या अंगाखांद्यावर असणं, प्राणिजगतातल्या आपल्या जवळच्या नातेवाइकांना जवळजवळ ठाऊकच नाही.

चिंपांझीच्या मादीला एका पिल्लानंतर दुसरं व्हायला साधारण पाच-सहा वर्षं जातात. ओरांगउटानच्या मादीला सात-आठ. दुसरं येईपर्यंत पहिलं स्वतःचं फळ स्वतः तोडून खाऊ लागलेलं असतं. माणसाचं अडीच वर्षांचं पोर मात्र वरण-भाताचा घास स्वतः नीट तोंडात घालू शकत नाही, मग तो मिळवणं तर दूरच. तरी आपल्याकडे त्याच्या पाठीवर दुसरं येतं, आणि कधी कधी तिसरंही.

बरं, एवढं अंतर असूनही पहिल्याला दुसऱ्याचं येणं जड जातंच. काँगोच्या जंगलात लुईकोताले नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथल्या रानटी बोनोबोंवरचा (बोनोबो म्हणजे चिंपांझीचे अगदी जवळचे भाऊबंद) एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. वेरेना बेरिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांच्या लघवीचे नमुने गोळा केले आणि त्यांतलं कॉर्टिसॉल मोजलं. कॉर्टिसॉल म्हणजे शरीरावर ताण आला की वाढणारं संप्रेरक. पाठचं भावंड जन्मलं की थोरल्याचं कॉर्टिसॉल सुमारे पाचपट झालं आणि पुढचे सात महिने ते वरच राहिलं. रोगप्रतिकाराशी संबंधित असलेलं निओप्टेरिन नावाचं द्रव्य त्याच काळात घटलं. दूध तुटल्यामुळे असं होत असेल, ही पहिली शंका. पण ही थोरली पिल्लं दोन ते आठ वर्षांची होती, त्यांतली मोठी कधीच दुधावरून सुटलेली होती, आणि तरी वाढ सगळ्यांत सारखीच दिसली. म्हणजे कारण नुसतं दूध नव्हे. आईच हातची गेली, हे असावं. बोनोबोवरून माणसाच्या मुलाचा थेट हिशोब मांडता येत नाही हे खरं, पण दुपट्यात झोपलेल्या भाच्याकडे बघताना मला ती आठ वर्षांची पिल्लं आठवत होती.

या 'उवाँ'चाही एक हिशोब आहे. तो १९७४ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञानं मांडला. आईच्या दृष्टीनं दोन्ही मुलं सारखीच, दोघांतही तिची निम्मी जनुकं. म्हणून धाकट्याचा फायदा थोरल्याच्या तोट्यापेक्षा जरासा जास्त झाला, की तिनं आपलं लक्ष, दूध, मांडी धाकट्याकडे वळवावी हे तिच्या हिताचं. थोरल्याचं गणित वेगळं. तो स्वतःशी शंभर टक्के सारखा आणि सख्ख्या भावंडाशी सरासरी पन्नास टक्के. त्यामुळे धाकट्याचा फायदा आपल्या तोट्याच्या दुप्पट झाल्याशिवाय मांडी सोडायला तो तयार नसतो. आई म्हणते आता, तो म्हणतो अजून थोडं थांब. या दोन्हींच्या मधला जो काळ, तोच घरोघरचा रडारडीचा काळ. ही आकडेमोड कोणी डोक्यात करत नाही हे सांगायला नको. निवड करणाऱ्या निसर्गानं ती भावनांत मुरवून ठेवलेली असते. ट्रिव्हर्सनं याच लेखात आणखी एक गोष्ट लिहिली आहे: ताणाखालचं पिल्लू लहानपणच्या खुणा पुन्हा वापरायला लागतं, कारण पूर्वी त्या खुणांना आईनं हमखास दाद दिलेली असते. दुपटं, बारीक आवाज, ओली चड्डी. जी चावी पूर्वी कुलपाला लागत होती, तीच पुन्हा लावून पाहायची.

मग माणसाच्या आईनंच दोन मुलांतलं अंतर एवढं कमी का केलं? तसं निसर्गानं पाळणा लांबवायची सोय तिच्याही शरीरात ठेवली आहे. बाळ वारंवार अंगावर पितं तेव्हा प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि मेंदूतून बीजकोशांकडे जाणारे संकेत मंदावतात, त्यामुळे बीज सुटत नाही. "अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत" असं जुन्या बायका सांगत, त्यात तथ्य आहे, मात्र अटींसकट. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, त्याला आईच्या दुधाशिवाय वरचं काही नको, आणि आईची पाळी परत सुरू झालेली नको. तिन्ही अटी पाळल्या तर संरक्षण ९८ टक्क्यांच्या वर असतं. एक जरी सुटली तर भरवसा नाही, आणि या म्हणण्यावर विसंबून बसलेल्या किती जणींची दुसरी बाळंतपणं झाली याची मोजदाद करायला नकोच. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग सान लोकांत मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांनी १९८० साली दाखवलं की तिथली मुलं दिवसभर, तासाला तीन-चार वेळा, घोट-घोट पितात, आणि तिथं दोन बाळंतपणांत जवळपास चार वर्षांचं अंतर असे. शेती आली, धान्याची मऊ पेज आली, जनावराचं दूध आलं, तसं हे पिणं लवकर सुटू लागलं आणि पाळणा लवकर हलू लागला, असं मानतात. जागतिक आरोग्य संघटना आज सांगते की एका बाळंतपणानंतर पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. म्हणजे दोन मुलांत पावणेतीन वर्षं.

अंतर कमी आणि घरात अन्नही कमी, असं झालं की थोरल्याचं काय होतं, हे शाळेतल्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं. सुकटी आणि सुजवटी. सुजवटीचं वैद्यकातलं नाव क्वाशिओरकॉर. आम्ही ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. हा शब्द मुळात घानातल्या गा भाषेतला आहे. सिसिली विल्यम्स ही जमैकात जन्मलेली डॉक्टर १९३०च्या सुमारास तिथं, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, काम करत होती. पाय सुजलेली, पोट सुटलेली, केस तांबूस झालेली, कातडी सोलवटलेली मुलं तिच्याकडे येत. बहुतेक एक ते चार वर्षांची, आईचं दूध सुटून मक्याच्या पेजेवर आलेली. तिनं तिथल्या बायकांना विचारलं, तुम्ही याला काय म्हणता? त्या म्हणाल्या, क्वाशिओरकॉर. दुसरं बाळ आल्यावर जागेवरून हटवल्या गेलेल्या मुलाचा आजार. विल्यम्सनं १९३५ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिताना हेच नाव ठेवलं. एखाद्या रोगाचं नाव रुग्णाच्या घरातली जागा सांगतं, असं उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

पण आपल्याकडे त्याहून जुनी नोंद आहे. माधवनिदान या आयुर्वेदातल्या जुन्या ग्रंथात बालरोगांच्या प्रकरणात 'पारिगर्भिक' नावाचा विकार येतो. आई पुन्हा गरोदर असताना जे मूल अंगावर पीत राहतं त्याला खोकला होतो, भूक मंदावते, ओकाऱ्या होतात, ते पेंगतं, वाळत जातं आणि पोट मात्र मोठं होतं. घानातल्या बायका आणि आपले वैद्य, दोघांच्या नजरेत भरलं ते तेच पोट सुटलेलं थोरलं मूल. वैद्यांनी दोष गर्भिणीच्या दुधाला दिला. आज आपण तसं म्हणणार नाही. गरोदरपणात दूध आटतं, त्याची चव बदलते, पण ते अपायकारक होत नाही. खरी कमतरता ताटात असते. दुधाची जागा नुसत्या पातळ पेजेनं घेतली तर मूल पोट भरूनही उपाशी राहतं. (सुजवटी फक्त प्रथिनांच्या अभावानं होते हे विल्यम्सनंतरचं सरळ उत्तरही आता पुरेसं मानलं जात नाही, आतड्यांतल्या जिवाणूंचाही त्यात हात दिसतो.)

ताटाचा प्रश्न आला की ते ताट वाढणार कोण, हा प्रश्न येतो. आणि इथं माझी आई लाडवांसकट पुन्हा लेखात येते.

आफ्रिकेतल्या टांझानियाच्या उत्तर भागात, एयासी सरोवराच्या आसपास हाड्झा लोक राहतात. त्यांच्यातले काही जण अजूनही शिकार करून आणि कंदमुळं, मध, फळं गोळा करून जगतात. क्रिस्टन हॉक्स आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं बायका किती तास काय खणतात याची नोंद ठेवली आणि मुलांची वजनं केली. एरवी आई जितका जास्त वेळ कंद खणायची, तितकं तिच्या दुधावरून सुटलेल्या मुलाचं वजन चांगलं वाढायचं. सरळ हिशोब. पण तिला नवं बाळ झालं की हा संबंध तुटायचा. कडेवर तान्हं घेऊन कडक जमिनीत काठीनं कंद खणणं होतं किती? मग थोरल्याचं वजन कशाशी जुळायचं? आजी किती वेळ खणते त्याच्याशी. १९९७ साली हे निष्कर्ष छापून आले आणि त्यातून एक मोठा तर्क उभा राहिला: बायकांची पाळी थांबल्यावरही त्या वीस-तीस वर्षं धडधाकट जगतात, हे इतर वानरांत सहसा दिसत नाही, याचं एक कारण असं असू शकेल की त्या आज्यांच्या खणण्यावर नातवंडं जगली. हा तर्क सगळ्यांना मान्य नाही. वडील, आत्या, मोठ्या बहिणी, शेजारणी यांचाही वाटा मोजणारे अभ्यासक आहेत. पण अंगावरचं एक आणि हाताशी एक अशी दोन मुलं माणसाला परवडतात ती तिसऱ्या माणसाच्या जिवावर, याबद्दल फारसं दुमत नाही.

आपल्या घरांना हे सिद्ध करून दाखवायची गरज नाही. दुसरं बाळंतपण म्हणजे थोरल्याची गादी आजीच्या खोलीत जाणार, हे ठरलेलं. सॅन होजे किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरांत तर आजी सहा महिन्यांच्या मुदतीवर येते, सामानात अळीव, बाळंतशेपा आणि खारकेची पूड घेऊन, आणि एकदा का मुदत संपली की त्या घरात काय होतं ते फोनवर ऐकू येतं. पुण्याच्या दोन खोल्यांतही वेगळं नाही. बहिणीच्या नवऱ्याला पंधरा दिवसांची रजा होती. त्यानं थोरल्याची अंघोळ आणि बाग हे दोन्ही स्वतःकडे घेतलं, आणि माझ्या मते औषध म्हणून ते लाडवांइतकंच लागू पडलं. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीचा सगळा सोहळा होतो, तो तिच्यासाठी. दारात उभं असलेल्या अडीच वर्षांच्या माणसासाठी आपल्या परंपरेत एखादा वेगळा लाडू असायला हरकत नव्हती.

घाबरून जाण्यासारखं मात्र काही नाही. मिशिगन विद्यापीठात ब्रेंडा व्होलिंग यांनी २४१ कुटुंबं पाहिली. आई दुसऱ्यांदा गरोदर असताना एकदा, आणि मग बाळ एक, चार, आठ आणि बारा महिन्यांचं झाल्यावर. पहिल्या मुलाचं आयुष्य कोसळतं, हा जो समज मानसशास्त्रात अनेक वर्षं फिरत होता, तो बहुतेक घरांत खरा ठरला नाही. काही मुलं बिथरली, बरीचशी थोडी कुरकुरली आणि सावरली, काहींच्यात फरकच दिसला नाही.

त्याआधी केंब्रिजमध्ये जूडी डन आणि कॅरल केंड्रिक ४० घरांत जाऊन बसल्या होत्या, वहीत टिपणं घेत. थोरल्यांचे सगळ्यात जास्त उद्योग आई बाळात गुंतलेली असतानाच व्हायचे, हे त्यांनीही पाहिलं. पण त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. पहिल्या काही आठवड्यांत ज्या आया थोरल्याशी बाळाबद्दल एखाद्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत होत्या, म्हणजे तिला भूक लागली असेल का, तिला तुझा आवाज आवडला वाटतं, अशा घरांत वर्षभरानंतर दोन्ही मुलं एकमेकांशी जास्त गोडीनं वागत होती. "आवाज करू नकोस, बाळ उठेल" हेही बाळाबद्दलच बोलणं आहे, पण त्यात बाळ म्हणजे एक नियम असतो.

आईला डन आणि केंड्रिक माहीत नाहीत. तरी तिनं भाच्याला दुपट्यातून सोडवताना सहज विचारलं, "का रे, ती मघापासून पाय का झाडतेय? तुला काय वाटतं?" तो उठून बसला. आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बघून आला. "तिला पंखा नकोय," त्यानं जाहीर केलं. पंखा कमी केला. ती पाय झाडतच राहिली, पण आता तो तिचा दुभाषा झाला होता.

डन आणि केंड्रिक यांच्या टिपणांत दोन-तीन वर्षांची ही मुलं तान्ह्या भावंडाशी बोलताना आपली भाषा बदलतात, असंही आहे. वाक्यं छोटी करतात, तेच तेच पुन्हा म्हणतात. त्या संध्याकाळी मी दाराशी उभी राहून ऐकत होते. ज्याला स्वतःला अजून 'र' म्हणता येत नाही तो मुलगा पाळण्याशी वाकून, नाजूक आवाज काढून, बहिणीला बोबडं बोलून समजावत होता: "निन्नी कल हं. निन्नी. आजी आहे ना. आजी आहे."