छपराखालचं खळं : इंग्लंडच्या जुन्या बार्नची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या खेड्यांत जुन्या बार्नची, म्हणजे शेतावरच्या कोठारवजा इमारतींची, घरं करून विकली जातात. त्यांच्या दर्शनी भिंतीत बऱ्याचदा दुमजली उंचीची काच असते आणि ती मूळच्या दरवाजाच्या जागी बसवलेली असते. तो दरवाजा एवढा मोठा का होता हे कळलं की बाकीची इमारतही कळते.

बार्नला आपण सहज 'कोठार' म्हणून मोकळे होतो, पण त्यात निम्मंच काम येतं. आपल्याकडे पाऊस उघडल्यावर पीक हाती येतं, म्हणून खळं आभाळाखाली सारवता येतं. इंग्लंडमध्ये गहू आणि जव कापायचे ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्यानंतर ओला, दमट हिवाळा. तेव्हा पेंढ्या छपराखाली रचायच्या आणि वसंतापर्यंत लागेल तशी मळणी करायची. बार्न हे छपराखालचं खळं होतं.

मांडणी त्यातूनच आली. खांबांच्या जोड्यांनी इमारतीचे खण पडतात. पाच खणी बार्न असला तर मधला खण मळणीचा, दोन्ही बाजूंच्या खणांत पेंढ्यांच्या थप्प्या. मधल्या खणाला समोरासमोर दोन दरवाजे. भरलेली गाडी उंच दरवाजातून आत यायची आणि रिकामी होऊन पलीकडच्या, बऱ्याचदा बुटक्या, दरवाजातून बाहेर पडायची. मळणीची जमीन ओकच्या फळ्यांची, दगडाची किंवा चोपलेल्या मातीची. तिच्यावर पेंढ्या पसरून झोडपायच्या. झोडपण्याचं हत्यार म्हणजे लांब काठी आणि तिच्या टोकाला चामड्याच्या वादीने बांधलेला आखूड दांडा. मग दोन्ही दरवाजे उघडून वाऱ्याच्या झोतात धान्य उफणायचं. दरवाजाच्या तळाशी खाचेत एक काढघालीची फळी बसवत, म्हणजे दाणे बाहेर उडत नाहीत आणि कोंबड्या आत येत नाहीत. दगडी भिंतींत हवेसाठी ठेवलेल्या फटी बाहेरून अरुंद आणि आतून रुंद असत. काही बार्नमध्ये त्रिकोणी भिंतीत उंचावर घुबडासाठी भोक ठेवलेलं दिसतं, कारण उंदरांवर तोच स्वस्त इलाज होता.

सर्वांत जुने नमुने मोठ्या जमीनदारांचे, म्हणजे मुख्यतः धर्मसंस्थांचे आहेत. एसेक्समधल्या क्रेसिंग टेंपल इथे टेंपलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांनी १३व्या शतकात बांधलेले दोन लाकडी बार्न अजून उभे आहेत, एक जवाचा आणि एक गव्हाचा. ग्रेट कॉक्सवेलचा दगडी बार्न ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथातल्या साधूंचा. वृक्षवलयांवरून त्याचं लाकूड १२९२च्या सुमाराचं ठरतं. आत ओकचे खांब पुरुषभर उंचीच्या दगडी बैठकांवर उभे आहेत. एकोणिसाव्या शतकातला कलाकार-लेखक विल्यम मॉरिस जवळच केल्म्सकॉटला राहायचा आणि पाहुण्यांना हा बार्न दाखवायला आणायचा. हीथ्रो विमानतळाजवळचा हार्मंड्सवर्थचा बार्न १४२६-२७चा आणि विंचेस्टर कॉलेज या शाळेचा. बारा खण, लांबी सुमारे ५८ मीटर, आणि मूळचं बहुतेक लाकूड जागेवर. कवी जॉन बेट्जमनने त्याला मिडलसेक्सचं, म्हणजे त्या परगण्याचं, कॅथीड्रल म्हटलं.

या सगळ्यांना लोक सरसकट 'टाइद बार्न', म्हणजे चर्चला द्यायच्या दशांश धान्याचे बार्न म्हणतात. ते बरोबर नाही. वरच्या तिन्ही ठिकाणचे बार्न मालकांच्या स्वतःच्या शेतीचं पीक ठेवण्यासाठी होते. खरे दशांशाचे बार्नही होते, पण १८३६च्या कायद्याने दशांश पैशात वसूल होऊ लागला आणि त्यांचं काम उरलं नाही.

सर्वांत मोठा धक्का मात्र यंत्राने दिला. १७८६मध्ये स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलने मळणीयंत्र बनवलं. हाताने मळणी म्हणजे शेतमजुराचा हिवाळ्याचा रोजगार, आणि नेमकी त्यावरच गदा आली. ऑगस्ट १८३०मध्ये केंटमध्ये यंत्रं फोडायला सुरुवात झाली. 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक नावाने धमकीची पत्रं जाऊ लागली आणि दंगल दक्षिण इंग्लंडभर पसरली. १९ जणांना फाशी झाली, सुमारे ५००जणांना ऑस्ट्रेलियाला धाडलं. उत्तरेकडे मजूर कमी आणि महाग होते, म्हणून तिथे यंत्र आधीच रुळलं होतं. नॉर्थम्बरलंड आणि डरहॅममध्ये बार्नला चिकटून गोल किंवा बहुकोनी छपऱ्या दिसतात. तिथे घोडे गोल फिरून आतलं यंत्र चालवत.

तोवर शेतीचा हिशेबही बदलला होता. सलगम आणि क्लोव्हर हा चारा पिकवून गुरं हिवाळाभर पोसता येऊ लागली, आणि त्यांच्या शेणखतावर गव्हाचं उत्पन्न वाढलं. त्यामुळे अंगणाला महत्त्व आलं. बार्न शक्यतो उत्तरेला, म्हणजे थंड वारा अडेल, आणि दक्षिणेला उघडं अंगण, भोवती गोठे. नॉरफोकमधल्या हॉकमच्या कोक या जमीनदार घराण्याने सॅम्युएल वायटसारखा वास्तुविशारद लावून १७९०च्या दशकात शेतावरचा बार्नसुद्धा हवेलीच्या थाटात बांधला. मला यात खताइतकाच दिमाखही दिसतो. लहान शेतकऱ्यांनी मात्र स्थानिक गरज पाहिली. यॉर्कशरच्या खोऱ्यांत खाली गुरं आणि वर गवत असे दगडी बार्न शेतातच बांधले गेले, आणि केंटमध्ये हॉप्स (बिअरमध्ये घालायची फुलं) सुकवायच्या भट्ट्यांवर वाऱ्याबरोबर फिरणारे पांढरे टोप आले.

१८७०च्या दशकापासून अमेरिकेचा स्वस्त गहू आला, भाव कोसळले आणि बांधकामं थंडावली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंबाइन हार्वेस्टर शेतातच मळणी करू लागला. त्याला उभं करायला जुना दरवाजा अपुरा पडला आणि लोखंडी सांगाड्याच्या शेड उभ्या राहिल्या. २०१४पासून इंग्लंडमध्ये शेतीच्या इमारतींची घरं करायला पूर्ण परवानगी लागत नाही. त्यातून संरक्षित यादीतल्या इमारती वगळल्या आहेत, आणि ते योग्यच झालं. दरवाजाला काच लावणं एक वेळ चालेल, पण झोपायच्या खोल्यांसाठी मधल्या खणात मजला टाकला की जमिनीपासून आढ्यापर्यंतची मोकळी जागा जाते आणि उरतो तो फक्त बाहेरचा सांगाडा.