रेज आणि रेज २ : दोन भागांची तुलना

'रेज' (२०११) आणि 'रेज २' (२०१९) हे उद्ध्वस्त पृथ्वीवर घडणारे, खेळाडूच्या नजरेतून दिसणारे गोळीबाराचे व्हिडिओ गेम. पहिला भाग टेक्सासमधल्या इड सॉफ्टवेअरने बनवला आणि तो ४ ऑक्टोबर २०११ रोजी अमेरिकेत बाजारात आला. दुसरा १४ मे २०१९ रोजी आला. तो मुख्यतः स्वीडनच्या अ‍ॅव्हलांच स्टुडिओजने घडवला असून इडची त्यात साथ होती. दोन्हींचे प्रकाशक बेथेस्डा सॉफ्टवर्क्स. नाव, जग आणि काही पात्रं सारखी असली तरी हातात घेतल्यावर हे दोन वेगळे खेळ वाटतात. त्याचं कारण कथेत सापडत नाही, ते आतल्या इंजिनात आहे, म्हणजे ज्या मूळ सॉफ्टवेअरवर खेळ चालतो त्यात.

कथा

पहिल्या भागात २३ ऑगस्ट २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीवर आदळतो. (हा लघुग्रह खरा आहे. तो २००४ मध्ये सापडला, १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीजवळून जाणार आहे, आणि पुढची किमान शंभर वर्षं तरी तो आदळणार नाही असं गणित सांगतं.) आपत्तीआधी निवडक माणसांना 'आर्क' नावाच्या जमिनीखालच्या कुप्यांत गोठवून ठेवलेलं असतं. त्यांपैकी निकोलस रेन २१३५ मध्ये जागा होतो. त्याच्या रक्तात नॅनोट्राइट नावाचे सूक्ष्म यंत्रकण असतात, म्हणून 'अथॉरिटी' ही हुकूमशाही सत्ता त्याच्या मागे लागते. संपूर्ण खेळात रेन एक शब्दही बोलत नाही.

दुसरा भाग २१६५ मधला. अथॉरिटी जनरल क्रॉसच्या हाताखाली परत येते, व्हाइनलँड ही वस्ती उद्ध्वस्त करते, आणि वॉकर (स्त्री की पुरुष हे खेळाडू निवडतो) शेवटची रेंजर (वस्तीची रक्षक) म्हणून उरते. पहिल्या भागातले जॉन मार्शल, लूसम हेगर आणि डॉक्टर क्वासिर इथे म्हातारे होऊन भेटतात. तिघांची कामं करत 'प्रोजेक्ट डॅगर' हा अथॉरिटीला संपवण्याचा बेत पूर्ण करायचा, एवढीच कथा. पहिल्या भागाचा शेवट अचानक तुटल्यासारखा होतो, शेवटची मोठी लढत नाहीच. दुसऱ्यात ती आहे, पण मुख्य कथा दहाएक तासांत आटोपते.

इंजिन आणि जगाची वीण

रेज इड टेक ५ या इंजिनावर उभा आहे. इडचा प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक याने त्यात 'मेगाटेक्श्चर' ही पद्धत वापरली. एरवी गेममध्ये दगड, वाळू, गंज यांची मोजकी चित्रं असतात आणि तीच जागोजागी लावली जातात. इथे सगळ्या भूप्रदेशावर एकच अवाढव्य चित्र पांघरलेलं असतं, प्रत्येक बाजूला सुमारे १ लाख २८ हजार ठिपक्यांचं (पिक्सेलचं). सोलापुरात विणकाम पाहिलेल्याला हा फरक चटकन कळेल. जेकार्ड मागावर छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरते आणि ठरावीक लांबीनंतर तीच नक्षी पुन्हा उमटते. हाताने विणलेल्या वॉल हँगिंगमध्ये मात्र चेहऱ्याचा, पागोट्याचा, पार्श्वभूमीचा एकही तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. रेज हे वॉल हँगिंग आहे आणि रेज २ ही जेकार्डची चादर.

एवढं चित्र ग्राफिक्स कार्डात मावत नाही. म्हणून त्याचे १२८ × १२८ ठिपक्यांचे तुकडे करून ते डिस्कवर दाबून ठेवलेले असतात. खेळाडू मान वळवेल तसे लागणारे तुकडे शोधायचे, उलगडायचे आणि कार्डात भरायचे. हे सगळं सेकंदाला ६० चौकटींच्या (पडद्यावर उमटणाऱ्या चित्रांच्या, म्हणजे फ्रेम्सच्या) वेगात, म्हणजे एका चौकटीला १६.७ मिलिसेकंद. फिरत्या हार्ड डिस्कला एक शोध घ्यायलाच साधारण १० मिलिसेकंद लागतात. इथेच गाडी अडते. झटकन मागे वळलं की भिंत क्षणभर चिखलासारखी पुसट दिसते आणि मग स्पष्ट होते. हा बिघाड नाही, पद्धतीचाच परिणाम आहे. एक्सबॉक्स ३६० वर खेळ तीन डीव्हीडींत होता आणि त्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय ही पुसट झाक कमी होत नसे.

संगणकावर पहिल्या आठवड्यात हाल झाले. एएमडी कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांच्या त्या वेळच्या ड्रायव्हरवर (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चित्र फाटत असे आणि पोत अर्धवट उमटत. नवे ड्रायव्हर आणि पॅच आल्यावर मेन्यूत टेक्श्चर कॅशचा (उलगडलेले तुकडे हाताशी ठेवायच्या जागेचा) पर्याय मिळाला. आज खेळताना तो 'मोठा' ठेवावा, खेळ एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) टाकावा आणि ग्राफिक्स कार्डाकडून तुकडे उलगडून घेण्याचा पर्याय एनव्हिडिया कार्ड असेल तरच चालू करावा. एवढं केलं की नव्वद टक्के तक्रार मिटते. उरलेली दहा टक्के म्हणजे भिंतीला नाक लावून पाहिल्यावर दिसणारे भरड ठिपके. त्याला इलाज नाही.

एकसंध चित्राची दुसरी किंमत जास्त जड आहे. त्यात उजेड-सावली आधीच भाजून टाकलेली, म्हणजे चित्रातच कायमची रंगवलेली असते. त्यामुळे सूर्य सरकत नाही, रात्र होत नाही, आणि वस्तू फुटत-तुटत नाहीत म्हणावं इतकं थोडं फुटतं. जग सुंदर पण पुतळ्यासारखं. वेलस्प्रिंग किंवा सबवे टाउनमधून बाहेर पडून गाडीने कामगिरीच्या दारापर्यंत जायचं, तिथे लोडिंग, मग आत अरुंद वाटांचा किल्ला. याला खुलं जग म्हणणं हा जाहिरातीचा उदारपणा होता. पण ते किल्ले मात्र हाताने घडवलेले होते. डेड सिटीसारखी कामगिरी दुसऱ्या भागात शोधून सापडत नाही.

रेज २ मध्ये अ‍ॅव्हलांचचं एपेक्स इंजिन आहे, तेच घराणं ज्यावर 'जस्ट कॉज' मालिका चालते. नक्षी पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे जग मोठं करता आलं. वाळवंट, दलदल, घळी, जंगल यांमधून लोडिंगशिवाय फिरता येतं. दिवस मावळतो. हिरवळ कुठून आली याचं कथेतलं उत्तर म्हणजे आकाशातून पडलेले, जमीन पुन्हा जिवंत करणारे ईकोपॉड. पण जेकार्डची मर्यादाही सोबत आली. चौथा डाकूंचा तळ साफ करताना पहिल्या तळाची आठवण येते. टाक्या, पेट्या, झेंडे तेच. दोन तळांमधला प्रवास लांब आणि बराचसा रिकामा.

बंदुका आणि अंगातल्या शक्ती

इथे दुसरा भाग पहिल्याला मागे टाकतो, आणि तोही थोडाथोडका नाही.

पहिल्या भागाची खासियत गोळ्यांच्या प्रकारांत होती. एकाच क्रॉसबोला साधा बाण, विजेचा बाण आणि मनावर ताबा मिळवणारा बाण लागतो. तिसऱ्याने टिपलेला शत्रू खेळाडूच्या हुकमाने चालतो, आणि त्याला त्याच्याच टोळीत नेऊन फोडायचं. शॉटगनमध्ये स्फोटक गोळी भरता येते. भंगार गोळा करून पहारेकरी बुरूज, चालते यंत्रकोळी, कुलूप कापायचं यंत्र स्वतः जुळवता येतं. नवखे खेळाडू या वस्तू 'पुढे लागतील' म्हणून साठवत बसतात आणि शेवटपर्यंत वापरत नाहीत. भंगार भरपूर मिळतं. कामगिरीच्या दारात शिरण्याआधीच दोन बुरूज आणि सात-आठ विंगस्टिक (तीन पात्यांचं फेकास्त्र) तयार ठेवावीत.

दुसऱ्या भागात गोळ्यांचे प्रकार गेले आणि प्रत्येक बंदुकीला दुसरी चाल मिळाली. फायरस्टॉर्म रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या आधी शत्रूत रुतवायच्या आणि मग चुटकी वाजवून पेटवायच्या. ग्रॅव्ह-डार्ट लाँचरने शत्रूवर खूण करायची आणि दुसऱ्या चापाने जिथे नेम धराल तिथे तो भिरकावला जातो. शॉटगन नेम धरून मारली की छऱ्यांऐवजी एकवटलेला दणका बसतो. याला नॅनोट्राइटच्या शक्तींची जोड मिळते. 'शॅटर' हा समोरच्याला उडवणारा धक्का, 'स्लॅम' ही उंचावरून मारलेली मूठ, 'व्होर्टेक्स' सगळ्यांना एका बिंदूकडे खेचतो, 'बॅरियर' ही तात्पुरती ढाल. पहिल्या भागाची सवय लागलेला माणूस आडोशाला बसून प्रकृती भरून यायची वाट पाहतो आणि कंटाळतो. इथे मेलेल्या शत्रूतून फेल्ट्राइटचे खडे सांडतात. ते थोड्याच वेळात विरून जातात आणि तेच प्रकृती भरतात, 'ओव्हरड्राइव्ह' ही चढलेली अवस्थाही त्यांनीच भरते. म्हणजे जखमी झालात की मागे सरायचं नाही, पुढे घुसायचं. 'घुस बे' हीच या खेळाची एका ओळीतली रणनीती.

गोम अशी की या शक्ती आणि चांगल्या बंदुका मुख्य कथेच्या वाटेवर मिळत नाहीत. त्या नकाशावर विखुरलेल्या आर्कमध्ये दडलेल्या आहेत. कथा सरळ रेषेत संपवणाऱ्याच्या हाती अर्धाच खेळ लागतो, आणि 'ठीक आहे, काही विशेष नाही' हे मत बहुतेक तिथूनच येतं. म्हणून व्हाइनलँडनंतर मार्शल, हेगर, क्वासिर यांना एकेकदा भेटून घ्यावं आणि मग तीन-चार आर्क उघडेपर्यंत कथा बाजूला ठेवावी. तसंही तिघांच्या पुढच्या कामगिऱ्या त्यांच्याकडची पातळी वाढल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही.

गाड्यांच्या बाबतीत पहिला भाग सरस. तिथे शर्यती जिंकून मिळालेल्या प्रमाणपत्रांवर बग्गीचे सुटे भाग घ्यावे लागतात, त्यामुळे गाडी आपली वाटते. दुसऱ्यात फिनिक्स ही शस्त्रसज्ज गाडी सुरुवातीलाच मिळते आणि शत्रूची कोणतीही गाडी पळवून आणता येते, पण चालवताना वजन जाणवत नाही. अपवाद ताफ्यांवरच्या हल्ल्यांचा. पहिल्यात इंटरनेटवरून चौघांची गाडी-लढाई आणि दोघांच्या जोडीने खेळायच्या कामगिऱ्या होत्या. दुसऱ्यात दुसऱ्या खेळाडूला जागाच नाही.

सोलापुरात खेळताना

रेजला सुमारे २५ जीबी जागा आणि जुनं २ जीबी रॅमचं यंत्रही पुरतं. रेज २ ला ५० जीबी, ८ जीबी रॅम आणि किमान जीटीएक्स ७८० च्या तोडीचं ३ जीबीचं कार्ड लागतं. १०८०पीला उच्च सेटिंगवर निवांत खेळायचं तर जीटीएक्स १०७०. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर तो उतरवायला महिना जाईल. ४० एमबीपीएसच्या फायबरवर पावणेतीन तास. फेब्रुवारी २०२१ मध्ये एपिक गेम्स स्टोअर या ऑनलाइन दुकानाने रेज २ आठवडाभर फुकट दिला होता. तेव्हा घेतला असेल तर तो आजही खात्यात असतो.

एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर गेला की पत्र्याच्या खोलीत ग्राफिक्स कार्ड तापून स्वतःचा वेग कमी करतं. खोलीचं तापमान दहा अंशांनी चढलं की कार्डाचंही जवळपास तेवढंच चढतं. रेजला याचं फारसं काही नाही, तो हलका आहे आणि ६० चौकटींवर बांधलेलाच आहे. रेज २ मध्ये चौकटींची मर्यादा स्वतः ६० वर लावावी आणि कार्डाची वीजमर्यादा ८० टक्क्यांवर आणावी. दिसण्यात फरक पडत नाही, पंखा मात्र शांत होतो.

वीज जाण्याचा फटका उलट रेजला जास्त. त्याचं आपोआप सेव्ह होणं फार विरळ आहे. लांब कामगिरीच्या मध्यात वीज गेली की दारापासून पुन्हा सुरुवात. प्रत्येक मोठ्या चकमकीनंतर हाताने सेव्ह करावं. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. १०७० कार्ड आणि आय७ प्रोसेसर असलेला संगणक रेज २ मध्ये मॉनिटर धरून ३०० वॉटच्या आसपास जातो, त्यामुळे जुन्या बॅटरीवर तो यूपीएस सूचना न देताच बंद पडतो. १००० व्हीएचा घ्यावा आणि स्पीकर त्यावर लावू नयेत.

पूर्व भागात, जिथे घराला लागूनच यंत्रमाग चालतो, तिथे कापसाचे तंतू हवेत असतात. ते संगणकाच्या पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या पन्हाळ्यांत नमद्यासारखे बसतात. धूळ फुंकरीने उडते, हा थर उडत नाही. दीड-दोन महिन्यांनी कार्ड बाहेर काढून, पंखा बोटाने धरून, आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने तंतू ओढून काढावेत आणि मगच ब्लोअर मारावा. उलट क्रमाने केलं तर थर आणखी आत दबतो. पुढच्या जाळीवर जुना नायलॉनचा मोजा ताणून बांधला तर हे काम चार महिन्यांवर जातं, फक्त तो मोजा दर आठवड्याला झटकावा लागतो.